अँटिव्हायरसची नवी आवृत्ती चढल्यापासून मेल चौथ्यावर अडकतो आणि आधीचे तीन पुन्हा पुन्हा येतात

उकारवेलांटी:

जाणकारांनो, मदत हवी आहे. आधी परिस्थिती सांगते, मग रडगाणं.

विंडोज ११, थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, पॉप३ खातं (म्हणजे मेल सर्व्हरवरून यंत्रावर उतरवून घ्यायची पद्धत), पोर्ट ९९५, एसएसएल (कुलूपबंद जोडणी) चालू. मी मुद्रितशोधक आहे. प्रुफं मेलवर येतात, तपासून मेलवरच जातात. जुन्या पुस्तकांची प्रुफं, लेखकांशी अनुस्वारांवरून झालेली भांडणं, छापखान्याशी झालेला पत्रव्यवहार, सगळं थंडरबर्डच्या फोल्डरांत आहे. सर्व्हरवर जागा तुटपुंजी, म्हणून 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण मी कधीच केलेली नाही. मेल इकडे उतरला की तिकडून गेला, असा हिशेब.

गेल्या आठवड्यात अँटिव्हायरसने आपणहून नवी आवृत्ती चढवून घेतली, रीस्टार्ट मागितला, मी दिला. तेव्हापासून 'गेट मेसेजेस' दाबलं की खालच्या पट्टीत '१२ पैकी १', '१२ पैकी २', '१२ पैकी ३' भराभर येतं. '१२ पैकी ४' आलं की सगळं ठप्प. दीड मिनिटभर काही हलत नाही, मग कनेक्शनची मुदत संपल्याचा निरोप. परत दाबलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिले तीन मेल पुन्हा उतरतात. त्यात एका संपादकाचं 'मलपृष्ठाचा मजकूर आजच हवा' हे पत्र आहे. इनबॉक्स उघडला की ते एकाखाली एक असं रांगेत उभं असतं. इतका पाठपुरावा त्या गृहस्थांनी स्वतःसुद्धा कधी केला नव्हता.

लगेच पुन्हा दाबलं तर कधी कधी पासवर्डच्या टप्प्यावरच 'मेलबॉक्स वापरात आहे' अशा अर्थाची इंग्रजी तक्रार येते. हे खातं दुसरं कुणी वापरत नाही. फोनवरही जोडलेलं नाही.

वेबमेलमध्ये बाराही मेल दिसतात. इकडे उतरलेले तीनसुद्धा तिथेच आहेत, एरवी ते नसतात. मेल पाठवताना काही अडत नाही. अँटिव्हायरसच्या चिन्हावर राइट-क्लिक करून 'दहा मिनिटं बंद' केलं तरी तेच. मेलसेवा देणारे म्हणाले, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. अँटिव्हायरसवाल्यांचं उत्तर आलं, 'तुमचं संरक्षण पूर्णपणे चालू आहे.' ते चालू आहे हीच तर तक्रार आहे!

अँटिव्हायरस काढून टाकायचा नाही. ज्याच्या त्याच्या पेनड्राइव्ह या यंत्राला लागतात. तो ठेवून मेल कसा मिळवायचा ते सांगा.


सरळसोट:

काढूनच टाका. विंडोजचा डिफेंडर पुरेसा असतो. विकतच्या अँटिव्हायरसने आजवर माझ्या यंत्रातला व्हायरस कमी आणि वेग जास्त पकडला आहे.


शंकासुर:

पासवर्डचं काही नाही ना? हल्ली बऱ्याच मोठ्या सेवांनी साध्या पासवर्डने मेल उतरवणं बंद केलं आहे. मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून केलं. योगायोगाने तेच झालं असेल आणि आळ अँटिव्हायरसवर येत असेल.


पोस्टमास्तर:

शंकासुर, पासवर्डचा घोळ असता तर पहिला मेलही आला नसता. तीन उतरतात म्हणजे दार उघडलेलं आहे.

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य 'उतरलेले तीनसुद्धा तिथेच आहेत' हे. मी मेल सर्व्हर सांभाळतो. ही तक्रार आमच्याकडे 'तुमचा सर्व्हर डबल मेल पाठवतो' या नावाने येते आणि सर्व्हरचा त्यात काडीचाही हात नसतो.

पॉप३ मध्ये मेल पुसणं दोन टप्प्यांत होतं. मेल उतरला की थंडरबर्ड सर्व्हरला 'हा पूस' असं सांगतो. सर्व्हर तेव्हा फक्त खूण करून ठेवतो. खरोखर पुसतो ते शेवटी 'क्विट' ही आज्ञा आल्यावर. पॉप३चे नियम ज्यात आहेत त्या १९९६ सालच्या आरएफसी १९३९ या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलं आहे: क्विट न येता जोडणी तुटली तर एकही मेल पुसायचा नाही. अर्ध्यात वीज गेली तर पत्रं हरवू नयेत म्हणून केलेला शहाणा नियम आहे. तुमच्याकडे चौथ्यावर जोडणी तुटते, क्विटपर्यंत काम जातच नाही, खुणा रद्द होतात आणि पुढच्या वेळी पुन्हा बारा.

'वापरात आहे' हीही त्याचीच शेपटी. पॉप३ सर्व्हर पेटी एका वेळी एकालाच उघडून देतो. तुमच्या बाजूने जोडणी मेली तरी सर्व्हरला ते लगेच कळतंच असं नाही. गप्प बसलेली जोडणी आपणहून तोडायची मुदत नियमाने किमान १० मिनिटांची आहे. तेवढा वेळ तुम्हीच तुम्हाला आडव्या येता. तेव्हा घाईघाईने बटण दाबत बसू नका.

आता चौथाच का अडतो? अँटिव्हायरसमधला मेल तपासणारा भाग थंडरबर्ड आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतो. मेल आधी स्वतः पूर्ण घेतो, जोडलेल्या फायली उघडतो, झिप असेल तर झिपच्या आतली झिपही उघडतो आणि समाधान झालं की पुढे देतो. तोवर थंडरबर्डला एक अक्षरही मिळत नाही. काही अँटिव्हायरस मधे मधे एखादी ओळ सोडून मेल-प्रोग्रामला झुलवत ठेवतात, तुमचा ते करत नसावा. थंडरबर्ड मुळात १०० सेकंद वाट बघतो आणि सोडून देतो. तुमचं 'दीड मिनिट' ते हेच.

वेबमेलमध्ये बघा, खालून चौथा, म्हणजे जुन्याकडून चौथा मेल बहुधा वजनदार निघेल. जोडलेली फाइल मेलमधून जाताना बेस६४ पद्धतीने लिहिली जाते आणि एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. १८ एमबीची झिप वाटेत २५ एमबीच्या घरात जाते.

अंदाज बस झाले, खात्री करून घ्या. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथे 'मॅनेज सर्टिफिकेट्स', त्यात 'सर्व्हर्स' हा टॅब आणि 'ॲड एक्सेप्शन'. पत्त्याच्या चौकटीत तुमच्या येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, पुढे कोलन (:) आणि ९९५ लिहा. 'गेट सर्टिफिकेट' दाबा, मग 'व्ह्यू'. सर्व्हरची ओळख पटवणारं हे प्रमाणपत्र कुणी दिलं आहे, म्हणजे 'इश्युअर' कोण, तेवढं वाचा. एखाद्या नेहमीच्या प्रमाणपत्र संस्थेचं नाव असेल तर मध्ये कुणी नाही. तिथे अँटिव्हायरसचं नाव असेल तर तुमची एसएसएल जोडणी तो मध्येच उघडून वाचतो आहे आणि स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र थंडरबर्डपुढे धरतो आहे. बघून झालं की 'कॅन्सल' करा. 'कन्फर्म' करायचं नाही.

तसं निघालं तर आधी दोन खबरदाऱ्या. खात्याच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण आत्ता करा, निदान हे निस्तरेपर्यंत. आणि 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डर (तुमचे मेल आणि सेटिंग्ज असतात तो) उघडा, थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.

मग अँटिव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये मेल तपासणीचा वेगळा विभाग शोधा. कुठे 'मेल शील्ड' म्हणतात, कुठे 'ईमेल स्कॅनिंग', कुठे 'ईमेल प्रोटेक्शन'. येणाऱ्या मेलची तपासणी तेवढी बंद करा. बाकी सगळं चालू राहू द्या. यंत्र रीस्टार्ट करा, हे टाळू नका. 'दहा मिनिटं बंद' केल्याने बहुतेक वेळा फायलींवरचा पहारा थांबतो, नेटवर्कमध्ये बसवलेला गाळणीचा भाग जागेवरच राहतो. म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

शेवटी प्रमाणपत्र पुन्हा तपासा. इश्युअर बदललेला दिसला पाहिजे.


सरळसोट:

एवढं करण्यापेक्षा काढून टाकणं सोपं होतं की नाही?


पोस्टमास्तर:

काढून टाकल्यावरही काहींचे नेटवर्कमधले भाग मागे राहतात आणि मेल तरीही अडतो. मग त्या कंपनीचं सफाईचं वेगळं साधन आणून पुन्हा झाडलोट. सोपं वाटतं तेवढं नसतं.


शंकासुर:

पण मेलची तपासणी बंद केली तर व्हायरसला रान मोकळं नाही का? व्हायरस येतो तो मेलमधूनच.


पोस्टमास्तर:

मेलमधून येतो हे खरं, पण पत्रात नुसता पडून तो काही करत नाही. जोडलेली फाइल तुम्ही उघडता किंवा जतन करता तेव्हा ती डिस्कवर उतरते आणि तिथे फायलींवरचा पहारा उभाच असतो. मेल तपासणी हा त्याच्या आधीचा जादाचा नाका आहे. त्यातून मेलसेवा देणारे त्यांच्या बाजूला चाळणी लावतातच.

विश्वास नसेल तर ईकारची चाचणी फाइल वापरा. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी मजकूर फाइल आहे. अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे बघण्यासाठीच ती बनवली आहे आणि अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस म्हणतात. मेल तपासणी बंद करा आणि ती फाइल डिस्कवर जतन करायला जा. लगेच आरडाओरडा झाला तर पहारा शाबूत आहे. मात्र ही चाचणी स्वतःला मेल पाठवून करू नका. का, ते विचाराल तर पुढे कुणीतरी सांगेलच.

फसव्या दुव्यांचं मात्र वेगळं. 'तुमचं खातं बंद होणार, इथे पासवर्ड टाका' छापाच्या पत्रात फाइलच नसते. काही अँटिव्हायरस मेल तपासताना असे दुवे पकडतात. तेवढं तुम्ही गमावता, हे मान्य.


उकारवेलांटी:

पोस्टमास्तर, इश्युअरच्या जागी अँटिव्हायरसचंच नाव! ते बघून जरा दचकायला झालं. माझा पासवर्ड, माझी पत्रं, सगळं हा मध्ये बसून वाचतोय आणि थंडरबर्ड कुलूपबंद आहे असं समजून निवांत. 'ऑथॉरिटीज' टॅबमध्येही पाहिलं, तिथे प्रमाणपत्र संस्थांच्या यादीत त्याने स्वतःचं नाव घालून ठेवलं आहे. म्हणूनच थंडरबर्डने कधी इशारा दिला नसणार.

चौथा मेल एका सचित्र पुस्तकाची झिप निघाली. आत पानांच्या पीडीएफ, चित्रं, फॉन्ट आणि मांडणीकाराने प्रत्येक प्रकरणाची पुन्हा वेगळी झिप केलेली. या गृहस्थांची कामाची पद्धत मला माहीत आहे, एक स्वल्पविराम बदलला तरी ते अख्खं पुस्तक पाठवतात.

तुम्ही सांगितलंत त्या क्रमाने केलं. प्रत ठेवण्याची खूण, फोल्डरची नक्कल, मग मेल तपासणी बंद आणि रीस्टार्ट. यादीत 'येणारे मेल' आणि 'जाणारे मेल' असे वेगळे पर्याय होते. जाणाऱ्याचा मी तसाच ठेवला आहे, तो अडत नव्हता. पुन्हा पाहिलं तर इश्युअर बदललेला. 'गेट मेसेजेस' दाबलं, चौथ्यावर थोडं रेंगाळलं, तेही फाइल मोठी म्हणून, आणि पाच, सहा, सात करत बारापर्यंत गेलं.

आता दोन शंका. नव्या आवृत्तीच्या आधीही मेल तपासणी चालूच असणार, मग तेव्हा का नाही अडलं? आणि त्या सगळ्या दुहेरी-तिहेरी प्रती एकेक करून पुसायच्या का?


पोस्टमास्तर:

पहिलीचं उत्तर बाहेरून छातीठोक देता येणार नाही. नेहमी दिसणारी कारणं दोन. पूर्वी फक्त ११० या उघड्या पोर्टवरचे मेल तपासले जात आणि नव्या आवृत्तीत ९९५ वरचे एसएसएलही आले. किंवा झिपच्या आत किती पातळ्या खोल जायचं ती मर्यादा वाढवली. तुमच्या मांडणीकाराच्या झिपा पाहता मला दुसरंही पटतं.

प्रतींसाठी: इनबॉक्स विषयानुसार लावा. एकसारख्या प्रती शेजारी शेजारी येतील, पहिली सोडून शिफ्ट दाबून बाकीच्या निवडा आणि पुसा. अशा प्रतींचा मेसेज-आयडी, म्हणजे मेलचा ओळखक्रमांक, एकच असतो आणि त्यावरून दुहेरी मेल शोधणारी ॲड-ऑनही मिळतात. पण तीनच पत्रांच्या प्रती आहेत तर हातानेच बरं. प्रोफाइलचा फोल्डर मात्र अँटिव्हायरसच्या 'एक्सक्लुजन्स'मध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत टाका, हे राहून गेलं होतं सांगायचं.


कोरापाटी:

ते राहून गेलेलं मला विचारा. या धाग्यावर आलो तोच त्यासाठी. माझा इनबॉक्स काल सकाळी पूर्ण रिकामा. बाकी फोल्डर जागेवर. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये (संशयित फायली कोंडून ठेवतो तिथे) 'इनबॉक्स' नावाची एकच फाइल पडली आहे, आकार ३.१ जीबी. एका मेलमध्ये काहीतरी सापडलं म्हणून सगळी पत्रं आत टाकली? ती परत आणली तर व्हायरसही परत येईल ना? आणि दरम्यान नवे मेल येऊन पडले आहेत, त्यांचं काय?


पोस्टमास्तर:

म्हणूनच म्हटलं होतं, ईकारची फाइल स्वतःला मेल करू नका.

थंडरबर्ड मुळात एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक मजकूर फाइलमध्ये ठेवतो. तिला एमबॉक्स म्हणतात. फायलींवर पहारा करणाऱ्या अँटिव्हायरसला त्यातला एक मेल वेगळा उचलता येत नाही. त्याच्या लेखी फाइल एकच आणि ती दूषित. एका विद्यार्थ्याने कॉपी केली म्हणून अख्खा वर्ग नापास, तसला प्रकार.

घाबरू नका, फाइल शाबूत आहे. क्रम मात्र पाळा, कारण इनबॉक्स नावाची नवी फाइल आता तिथे तयार झालेली आहे आणि जुनी परत आणताना दोन्ही एकमेकींवर येतील. थंडरबर्ड बंद करा. प्रोफाइल फोल्डरमध्ये 'मेल', त्यात तुमच्या सर्व्हरच्या नावाचा फोल्डर. तिथली विस्तार नसलेली 'इनबॉक्स' फाइल शोधा आणि तिचं नाव बदलून 'नवे' करा. तिच्याच नावाची, पण शेवटी एमएसएफ असलेली फाइल पुसून टाका. ती नुसती सूची आहे, थंडरबर्ड पुन्हा बनवतो. आता हा फोल्डर एक्सक्लुजन्समध्ये टाका, नाहीतर जुनी फाइल बाहेर येताच पुन्हा उचलली जाईल. मग क्वारंटाइनमधून 'रिस्टोअर'. थंडरबर्ड उघडा. इनबॉक्स भरलेला दिसेल आणि 'नवे' हा वेगळा फोल्डर दिसेल. त्यातले मेल ओढून इनबॉक्समध्ये टाका.

क्वारंटाइनच्या नोंदीत बऱ्याचदा जोडलेल्या फाइलचं नाव असतं. त्यावरून तो मेल शोधा, न उघडता शिफ्ट-डिलीट करा.


कोरापाटी:

सगळं परत आलं. शिफ्ट-डिलीटही केला. खात्री म्हणून त्या फाइलवर राइट-क्लिक करून स्कॅन लावला तर अँटिव्हायरस म्हणतो अजून दूषित आहे!


पोस्टमास्तर:

बरोबरच म्हणतो. एमबॉक्समध्ये पुसलेला मेल फक्त 'पुसला' अशी खूण होऊन आतच पडून राहतो, दिसायचा तेवढा थांबतो. इनबॉक्सवर राइट-क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' करा. तेव्हा फाइल नव्याने लिहिली जाते आणि तो मजकूर खरोखर जातो. ३ जीबी आहे, वेळ लागेल, मध्ये बंद करू नका. डिस्कवर तेवढीच मोकळी जागा आहे ना ते आधी बघा.

आणि थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये अँटिव्हायरसखाली एक खूण आहे, येणारा प्रत्येक मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून अँटिव्हायरसला तपासू देण्याची. ती करून ठेवा. मग पुढच्या वेळी सापडला तर तेवढा एकच मेल उचलला जाईल.


शंकासुर:

आता माझंच गाडं अडलं. हा धागा वाचून मीही मेल तपासणी बंद केली आणि येत होते ते मेलही थांबले. 'सर्व्हरशी जोडणी होऊ शकत नाही.'


पोस्टमास्तर:

खात्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या सर्व्हरचं नाव काय आहे ते बघून सांगा.


शंकासुर:

१२७.०.०.१. पोर्ट ११०. सुरक्षा 'नन'. खातं जुन्या यंत्रावरून जसंच्या तसं आणलेलं आहे.


पोस्टमास्तर:

१२७.०.०.१ म्हणजे तुमचंच यंत्र. जुन्या पद्धतीचे अँटिव्हायरस खात्यातलं सर्व्हरचं नाव बदलून तिथे स्वतःला बसवत आणि खरा सर्व्हर स्वतःच्या नोंदीत ठेवत. आता तो झोपला, तर त्या दारावर उत्तर द्यायला कुणी नाही. मेलसेवेच्या मदत पानावर पॉप३ सर्व्हरचं नाव असेल ते घाला, पोर्ट ९९५, सुरक्षा 'एसएसएल/टीएलएस'. यूजरनेममध्ये तिरकी रेघ आणि सर्व्हरचं नाव चिकटलेलं असेल तर तेवढं काढा. जाणाऱ्या मेलचं खातंही बघा, तिथेही १२७ असू शकतं. तिथे ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस, सेवा जे सांगेल ते.

सुरक्षा 'नन'वर मात्र ठेवू नका. एनक्रिप्शन करून पुढे पाठवायचं काम आतापर्यंत तो अँटिव्हायरस करत असेल, आता तुमचा पासवर्ड उघडा जाईल.


शंकासुर:

तिरकी रेघ होती. काढली. आले.


उकारवेलांटी:

कालपासून एकही मेल दोनदा आलेला नाही. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढायच्या ऐवजी खाली '१४ दिवसांपर्यंत' हा पर्याय दिसला, तो ठेवला आहे. तेवढी जागा सर्व्हर देतो. मांडणीकारांना लिहिलं आहे की झिपच्या आत झिप करू नका. त्यांनी ते मान्य केल्याचा मेल पाठवला आहे, सोबत पुस्तक जोडून.